नवे अल्बम 'अ‍ॅटमॉस'मध्ये ऐकते, पण मन रमत नाही

वाचकांचं पत्र

सप्रेम नमस्कार,

गाणी ऐकणं हा माझा एकुलता एक शौक. नवा अल्बम आला की तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न उठता ऐकायचा, ही कॉलेजपासूनची सवय. इतकी वर्षं दोन चांगल्या स्पीकरांवर ऐकत होते. हल्ली जो तो सांगतो की नवे अल्बम आता डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्येच ऐकायला हवेत, आवाज चहूबाजूंनी येतो, वरूनसुद्धा येतो. म्हणून साउंडबार, मागचे दोन छोटे स्पीकर आणि सबवूफर असा संच घेतला. खोक्यावर ५.१.२ असं लिहिलंय. घरात होती त्याच ऑप्टिकल वायरनं तो टीव्हीला जोडलाय. गाणी मी मोबाइलवरून ब्लूटूथनं लावते. अ‍ॅपमध्ये अल्बमच्या नावाखाली 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' अशी पाटी स्पष्ट दिसते.

पण खरं सांगू? मन रमत नाही. गायिका खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला उभी राहून गातेय असं वाटतं. एकूण आवाजच दबका. कधी तालवाद्यं विनाकारण मागून येतात, तर कधी जुन्या स्पीकरांपेक्षा काहीच वेगळं जाणवत नाही. एकदा टीव्हीवरच्या अ‍ॅपमधूनही लावून पाहिलं, फरक पडला नाही. मागचे स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवर, फळीवर ठेवलेत. एक माझ्या डोक्यालगत आणि दुसरा दाराच्या बाजूला, बराच लांब. सोफा भिंतीला टेकलेला आहे आणि साउंडबार टीव्हीखालच्या कप्प्यात आहे.

नवरा म्हणतो, जुने दोनच बरे होते, हे परत करून टाक. मुलगी म्हणते, एवढा पसारा कशाला, हेडफोनवर हेच ऐकू येतं. माझेच कान या नव्या आवाजाला तयार नाहीत का? की अजून स्पीकर घ्यायला हवेत?

– एक श्रोती

उत्तर

ताई,

तुमचे कान उत्तम आहेत. गायिका लांब गेल्यासारखी वाटते, तालवाद्यं मागे जातात, आवाज दबतो, हे तुम्ही अगदी नेमकं टिपलंय. मात्र तुमच्या पत्रावरून मला जवळजवळ खात्रीच वाटते की अ‍ॅटमॉस तुमच्या घरात अजून पोचलेलंच नाही. तुम्ही इतके दिवस जे ऐकताय ते वेगळंच काहीतरी आहे.

मोबाइलवरून साउंडबारकडे ब्लूटूथनं गाणं जातं तेव्हा दोनच चॅनेल जातात, डावा आणि उजवा. अल्बमखालची पाटी एवढंच सांगते की या अल्बमचं अ‍ॅटमॉस रूप गाणी ऐकवणाऱ्या त्या अ‍ॅपच्या सेवेकडे आहे. ते तुमच्या साउंडबारपर्यंत पोचलं की नाही, याच्याशी त्या पाटीचा संबंध नसतो. साउंडबारच्या हाती पडतात दोन चॅनेल, आणि वाजवायचे असतात सगळे स्पीकर. मग तो अंदाज बांधतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते मध्ये टाकतो, जे दोन्हीकडे वेगवेगळं आहे त्यातलं काही मागे आणि वर पाठवतो. याला अपमिक्स म्हणतात. गायिकेच्या आवाजाभोवतीचा घुमारा असा मागच्या स्पीकरांत गेला की ती लांब उभी राहिल्यासारखी वाटते. डावी-उजवीकडे पसरून ठेवलेली तालवाद्यं पाठीमागे उमटतात. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं. गाणं मिक्स करणाऱ्यानं, म्हणजे सगळे आवाज जुळवून एकत्र बसवणाऱ्यानं, यातलं काहीही ठरवलेलं नव्हतं, ते तुमच्या साउंडबारनं ठरवलं.

टीव्हीवरच्या अ‍ॅपनं फरक का पडला नाही, त्याचं कारण ती ऑप्टिकल वायर. तिच्यातून जुनं ५.१ डॉल्बी डिजिटल, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर यांचा आवाज, जातं. पण गाण्यांच्या सेवा घरच्या स्पीकरांसाठी अ‍ॅटमॉस बहुतेक करून डॉल्बी डिजिटल प्लस या स्वरूपात पाठवतात, आणि ते काही तिच्यातून जात नाही. तेव्हा पहिलं काम एका केबलचं. टीव्ही आणि साउंडबार एचडीएमआयनं जोडा, आणि टीव्हीवरच्या ज्या पोर्टवर 'ई-आर्क' किंवा 'आर्क' लिहिलंय त्याच पोर्टमध्ये ती लावा. शेजारचं पोर्ट दिसायला तसंच असतं, पण त्यातून आवाज टीव्हीकडून साउंडबारकडे येत नाही. स्ट्रीमिंगच्या गाण्यांना साधं आर्कही पुरतं. ई-आर्क लागतं ते ब्लू-रे डिस्कवरच्या काटछाट न केलेल्या आवाजाला. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर ते 'ऑटो' किंवा 'पासथ्रू'वर आणा. गाणी यापुढे टीव्हीच्या अ‍ॅपमधून किंवा टीव्हीला जोडायच्या स्ट्रीमिंग बॉक्समधून लावा, मोबाइलमधून ब्लूटूथनं नको.

एवढं केलं की साउंडबारच्या पट्टीवर किंवा त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये बघा. तिथे 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' ही अक्षरं उमटली पाहिजेत. मोबाइलवरची पाटी विसरून जा, ही अक्षरं खरी. ती दिसली नाहीत तर अजून कुठेतरी अडतंय. काही जुने टीव्ही आर्कमधूनही डॉल्बी डिजिटल प्लस पुढे सोडत नाहीत. अशा वेळी स्ट्रीमिंग बॉक्स थेट साउंडबारच्या एचडीएमआय इनपुटला जोडावा, ते असेल तर. एकच सेवा एका यंत्रावर अ‍ॅटमॉस देते आणि दुसऱ्यावर तोच अल्बम स्टिरिओत वाजवते, हेही सर्रास होतं. काही साउंडबार मात्र वाय-फायवरून सेवेकडून गाणं परस्पर घेतात, मग टीव्हीची गरजच उरत नाही. तुमच्या साउंडबारच्या माहितीपुस्तिकेत तसं काही आहे का ते जरूर पाहा, कारण गाणी ऐकायला टीव्ही चालू ठेवावा लागणं मला स्वतःला अजिबात आवडत नाही.

आता त्या दबक्या आवाजाबद्दल. खरं अ‍ॅटमॉस सुरू झालं तरी पहिल्या दिवशी तुम्हाला ते दबकंच वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवावंसं वाटतं. अ‍ॅटमॉस संगीताची सरासरी पातळी उणे १८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं हे माप) वर जाऊ द्यायची नाही, असा डॉल्बीचा दंडक आहे. आजकालचे स्टिरिओ मिक्स बरेचदा उणे १० च्या आसपास असतात, काही त्याहूनही चढे. हा फरक झाला ८ डेसिबलचा, आणि १० डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट. त्यामुळे रिमोटला हात न लावता एकामागून एक दोन्ही रूपं ऐकली, तर अ‍ॅटमॉस प्रत्येक वेळी हरणार. मोठा आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो, त्याला कुणीच अपवाद नाही. म्हणून तुलना करताना गायिकेची एखादी शांत ओळ धरा आणि ती दोन्हीकडे सारख्याच मोठेपणानं ऐकू येईल इतका आवाज वाढवा. मग बाकीचं ऐका. या कमी पातळीचा फायदाही तिथेच कळतो. ड्रमचा ठोका पडतो तेव्हा त्याला उसळायला जागा असते, कुजबुज कुजबुजीइतकीच राहते. स्टिरिओत चढाओढीनं सगळं एकाच उंचीवर आणून ठेवलेलं असतं. साउंडबारमध्ये 'नाइट मोड' किंवा संवाद ठळक करणारं काही चालू असेल तर गाण्यांसाठी ते बंद करा, नाहीतर ही उसळी पुन्हा दाबली जाईल.

स्पीकरांच्या जागेकडे येते… तुमच्या पत्रातल्या त्याबद्दलच्या दोन-तीन ओळी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. एक मागचा स्पीकर डोक्यालगत आणि दुसरा लांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मीटर कापायला त्याला ३ मिलीसेकंदांच्या जवळपास लागतात. दोन्ही स्पीकरांच्या अंतरात २ मीटरांचा फरक असला तर एकाच क्षणी निघालेला असूनही जवळच्या स्पीकरचा आवाज सुमारे ६ मिलीसेकंद आधी येऊन पोचतो. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटतो, पण मेंदू दिशा ठरवतो ती आधी पोचलेल्या आवाजावरून. शिवाय जवळचा स्पीकर मोठाही वाजतो. तुमच्या मागची सगळी बाजू त्यामुळे त्या एकाच स्पीकरात गोळा होऊन बसली असणार.

मागच्या स्पीकरांची जागा प्रत्यक्षात पाठीमागे नसतेच. ५.१ च्या आंतरराष्ट्रीय मांडणीत समोरचे डावे-उजवे स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर असतात आणि बाजूचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या किंचित मागे. तुम्ही ते फळीवरून काढा. सोफ्याच्या दोन्ही टोकांना, थोडे लांब, कानाच्या उंचीवर किंवा जरासे वर असे स्टँडवर ठेवा, दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर. सोफा अर्धा मीटर जरी पुढे ओढता आला तरी ओढा. भिंतीला टेकून बसलं की मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज लगेच कानात शिरतो आणि खर्जही फुगतो. जागा अगदीच नसेल तर निदान साउंडबारच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी भरता येते का ते बघा. आपोआप जुळवून घेण्याची सोय असेल तर घर शांत असताना, पंखा बंद करून, तुमच्या बसायच्या जागेवरून ती चालवा.

साउंडबार कप्प्यातून आजच बाहेर काढा. ५.१.२ मधला पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या चॅनेलचा, मधला सबवूफरचा आणि शेवटचा उंचीवरून येणाऱ्या आवाजाचा. साउंडबारमध्ये हे शेवटचे दोन बहुधा वर तोंड करून बसवलेले असतात. ते आवाज छतावर आपटतात आणि तो परतून तुमच्याकडे येतो. डोक्यावर कप्प्याची फळी असली तर तो आवाज त्या फळीवरच आपटणार. वर मोकळं हवं, आणि छत सपाट, कठीण आणि बेताच्या उंचीचं हवं. उतरतं छत, मध्ये आलेली तुळई किंवा आवाज शोषणारं मऊ आच्छादन असेल तर वरचा आवाज नीट परतत नाही. त्यावर सेटिंगनं उपाय होत नाही. बाकी खोलीत मात्र मऊ गोष्टी असाव्यात. समोरच्या जमिनीवर जाजम, मोठ्या काचेवर पडदा. सबवूफरची फार काळजी करू नका. साधारण ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाची दिशा कानाला कळत नाही, त्यामुळे तो समोरच असला पाहिजे असं नाही. फक्त कोपऱ्यात कोंबू नका, तिथे तो घुमतो.

थोडं या तंत्राविषयी, कारण ते समजलं की अजून स्पीकर घ्यायचे का हा तुमचा प्रश्न अर्धाअधिक सुटतो. चहूबाजूंनी गाणं ऐकवण्याची हौस नवी नाही. १९७० च्या दशकात चार स्पीकरांचं क्वाड्राफोनिक आलं होतं. एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या तीन-चार कंपन्या भांडत राहिल्या आणि ऐकणारे कंटाळून स्टिरिओकडे परतले. पुढे सीडीच्या आकाराच्या डिस्कांवर ५.१ अल्बम आले, तेही मोजक्या शौकिनांपुरते राहिले. या सगळ्यांत आवाज थेट स्पीकरला बांधलेला असायचा: हा डाव्याचा, हा मागच्या उजव्याचा. तुमच्याकडे तेवढे स्पीकर तितक्याच जागी नसले की डाव फसला. अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं, २०१९ पासून गाण्यांच्या सेवांवर दिसू लागलं आणि २०२१ मध्ये अ‍ॅपल म्युझिकनं ते घेतल्यावर घरोघरी पोचलं. त्यात काही आवाज जुन्या पद्धतीनं ठरावीक चॅनेलांवर असतात आणि बाकीचे सुटे 'ऑब्जेक्ट' असतात. प्रत्येक ऑब्जेक्टसोबत तो खोलीत कुठे असावा याची नोंद जाते. मूळ मिक्समध्ये असे सगळे मिळून १२८ पर्यंत आवाज राहू शकतात. कोणत्या स्पीकरनं काय वाजवायचं ते तुमच्या घरातलं यंत्र ठरवतं. म्हणून बारा स्पीकरांची खोली आणि तुमचा साउंडबार एकाच मिक्सवर चालतात. जास्त स्पीकरांनी जागा अधिक नेमकी होते, एवढंच. मिक्स काही बदलत नाही.

आणि खरी गंमत मिक्समध्ये आहे. केबल बदलून, स्पीकर हलवून, आवाज जुळवूनसुद्धा काही अल्बम तुम्हाला आवडणार नाहीत, आणि त्या वेळी स्वतःच्या कानांना दोष देऊ नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. अ‍ॅटमॉस हे स्टिरिओच्या वरच्या पायरीवरचं काही आहे असं समजण्यात सगळा घोटाळा होतो. ते त्याच गाण्याचं दुसरं मिक्स असतं, बरेचदा दुसऱ्याच माणसानं, दुसऱ्या दिवशी केलेलं. याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे ब्रिटिश गायक पीटर गेब्रिएल यांचा २०२३ चा अल्बम 'आय/ओ'. या एकाच अल्बमची तीन मिक्स त्यांनी तीन जणांकडून करून घेतली आणि तिन्ही प्रसिद्ध केली. 'ब्राइट-साइड' आणि 'डार्क-साइड' ही दोन स्टिरिओ मिक्स, आणि 'इन-साइड' हे हान्स-मार्टिन बफ यांचं अ‍ॅटमॉस. या तिसऱ्याला २०२५ मध्ये इमर्सिव्ह, म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या, अल्बमचा ग्रॅमीही मिळाला. तुम्ही एक संध्याकाळ काढून यातलं कुठलंही एक गाणं तिन्ही रूपांत ऐका, आवाजाची पातळी जुळवून. गाणारा तोच, शब्द तेच, वाद्यं तीच, आणि तरी गाणं कुणाच्या हातात गेलं त्याप्रमाणे त्याचा स्वभाव पालटतो. अ‍ॅटमॉस म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

ऐकताना लक्ष कुठे द्यायचं? सगळ्यात आधी मुख्य आवाजाकडे. स्टिरिओत गायिका मध्ये उभी असल्याचा भास दोन स्पीकर मिळून तयार करतात. तुम्ही सोफ्यावर एका बाजूला सरकलात की तीही तुमच्याबरोबर सरकते. अ‍ॅटमॉसमध्ये मिक्स करणारा तिला मधल्या स्पीकरमध्ये खरोखर उभी करू शकतो. डोळे मिटून बसा, नवऱ्यालाही शेजारी बसवा, आणि आवाज जिथून येतोय तिकडे दोघांनी बोट दाखवा. आवाज मधल्या स्पीकरमध्ये असेल तर दोघांची बोटं साउंडबारच्या मध्यावरच जातील. दोघांना मिळून ऐकायचं असेल तर हा मला फार मोठा लाभ वाटतो, कारण स्टिरिओत नेमकी जागा एकाच माणसाला मिळते. पण याची दुसरी बाजूही आहे. काही मिक्समध्ये गायिकेला मधल्या स्पीकरमध्ये कोरडी, एकटी सोडून दिलेली असते आणि साथ भोवती कुठेतरी लांब वाजत राहते. ते ऐकवत नाही.

तालाचंही तसंच. स्टिरिओ मिक्स शेवटी एकत्रच दाबून, घोटून एकजीव केलेलं असतं. बेस आणि ड्रम एकमेकांना धरून पुढे येतात ते त्यामुळे. ऑब्जेक्ट सुटे सुटे असल्यानं अ‍ॅटमॉसमध्ये सगळ्यांवर असा एकत्र हात फिरवता येत नाही. मिक्स करणारा तयारीचा नसेल तर तीच जोमदार लय विस्कटल्यासारखी वाटते. जोरकस, ठोकून वाजवलेल्या संगीतात मला अजूनही पुष्कळदा स्टिरिओच उजवं वाटतं. याउलट ज्या संगीतात जागा आणि थर आहेत, म्हणजे मोठा वाद्यमेळ, समूहगान, लांबलचक इलेक्ट्रॉनिक रचना, एकावर एक रचलेले आवाज, तिथे अ‍ॅटमॉसमध्ये एकेक सूर सुटा दिसतो. स्टिरिओत चिकटून गेलेली मागची ओळ अचानक ऐकू येते आणि वाटतं, ही इथेच होती इतके दिवस?

बसायच्या जागेचे दोन विचार असतात. काही मिक्समध्ये तुम्ही श्रोत्यांत बसता: गाणारे समोर, आणि मागून-वरून फक्त सभागृहाचा घुमारा. काहींमध्ये तुम्हाला वादकांच्या मधोमध नेऊन बसवतात. दोन्ही योग्य, त्या गाण्याला शोभलं म्हणजे झालं. मला खटकतात ती मिक्स ज्यांत प्रत्येक गोष्ट डोक्याभोवती फिरवली जाते. पहिल्या गाण्यात नवल वाटतं, तिसऱ्यापर्यंत दमायला होतं. फिरणं गाण्यात एखाद्याच जागी, अर्थासाठी आलं तर अंगावर काटा येतो.

म्हणून नव्या अल्बमसाठी माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. अल्बम ताजा असेल आणि कलाकारानं दोन्ही मिक्स एकत्रच करून घेतली असतील तर पहिलं ऐकणं अ‍ॅटमॉसमध्ये. म्हणजे स्टिरिओची सवय लागायच्या आत ते कानी पडतं. वर्षानुवर्षं ओळखीच्या अल्बमचं अ‍ॅटमॉस नंतर केलेलं असेल तर जपून. ओळखीची प्रत्येक जागा हललेली जाणवते आणि खरं तर आवडलेल्या गोष्टीही नावडत्या होतात. तो दोन-तीनदा ऐकल्याशिवाय मत बनवू नका. अखंड ऐकण्याची तुमची सवय इथे फार उपयोगी पडेल, कारण एखाद्या गाण्यावर मिक्सचा अंदाज येत नाही, अल्बमभर येतो. एकच अडचण: गाणी एकमेकांत मिसळणारा अल्बम स्ट्रीमिंगवर अ‍ॅटमॉसमध्ये लावला की काही यंत्रांवर दोन गाण्यांच्या मध्ये बारीक खंड पडतो. अशा आणि तुमच्या अगदी जिवाजवळच्या अल्बमची ब्लू-रे डिस्क मिळत असेल तर ती घ्यावी. स्ट्रीमिंगवरचं अ‍ॅटमॉस फार तर सेकंदाला ७६८ किलोबिटांत दाबून बसवलेलं असतं. डिस्कवर ते डॉल्बी ट्रूएचडीमध्ये, आवाजातलं काहीही न गाळता मिळतं.

मुलीचं म्हणणं निम्मं खरं आहे. हेडफोनवर अ‍ॅटमॉस ऐकू येतं ते वेगळ्या युक्तीनं. प्रत्येक दिशेनं येणारा आवाज कानाच्या पाळीवर, डोक्यावर, खांद्यांवर आदळून जसा बदलतो तसाच बदल दोन चॅनेलांत आधीच करून ठेवतात. पण हा हिशोब एका सरासरी डोक्याचा असतो. तुमचं डोकं आणि कान त्याच्याशी जुळले तर जादू होते, नाही जुळले तर सगळं कपाळाच्या आत किंवा कानामागे अडकून राहतं. समोरचा आवाज समोर ठेवणं तर सगळ्यात अवघड. म्हणूनच एकाच हेडफोनवर मुलीला जे सुरेख वाटतं ते तुम्हाला वाटेलच असं नाही. काही फोन कॅमेऱ्यानं कानांचे फोटो घेऊन हिशोब तुमच्यापुरता जुळवून देतात, तो प्रयोग जरूर करा. डोकं वळवलं की गाणंही वळणारी सोय मात्र बसून गाणी ऐकताना बंदच ठेवा. रात्री उशिरा, घर झोपल्यावर हेडफोन उत्तम. पण अंगावर येणारा खर्ज आणि खोलीत उभी राहिलेली गायिका हेडफोन देऊ शकत नाहीत. आणि दोघांनी मिळून ऐकणंही नाही.

नवऱ्याचं म्हणणं, आजवर त्यांनी जे ऐकलं त्यापुरतं, शंभर टक्के बरोबर आहे. अपमिक्सपेक्षा दोन चांगले स्पीकर केव्हाही बरे. त्यांना फक्त एवढी विनंती करा की निर्णय महिनाभर पुढे ढकला, परत करायची मुदत असेल तर ती तारीख आधी बघून ठेवा. केबल लागली, स्पीकर हलले, 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' ही अक्षरं उमटली की दोघांनी मिळून चार-पाच नवे अल्बम ऐका. त्यानंतरही त्यांना स्टिरिओच आवडलं तर ती त्यांची आवड, आणि ती खरी आवड असेल.

अजून स्पीकर आत्ता अजिबात घेऊ नका. या संचात मन रमलं आणि वरचा आवाज कमी पडतोय असं सारखं जाणवू लागलं, तर पुढची पायरी म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा वेगळा रिसीव्हर आणि छताजवळ बसवलेले खरे स्पीकर. छतावर आवाज आपटवण्यापेक्षा ते कितीतरी नेमके असतात. तोवर जुने दोन स्पीकर विकू नका, कुणाला देऊही नका. पुढे रिसीव्हर घेतलात तर समोरचे डावे-उजवे म्हणून तेच लागतील, आणि चांगल्या समोरच्या जोडीवरच बाकी सगळी मांडणी उभी राहते. मध्यंतरी त्यांच्यावर स्टिरिओ अल्बम ऐकत राहा. साउंडबारवर स्टिरिओ ऐकायची वेळ आलीच तर आवाजाचा मोड 'स्टँडर्ड' किंवा 'स्टिरिओ'वर ठेवा, म्हणजे बहुतेक साउंडबारांत अपमिक्स बंद होईल आणि दोन चॅनेलचं गाणं दोन चॅनेलचंच राहील.